दोन ट्यूबा, एकच वजन

मलम लावल्यावर होणारा प्रत्येक त्रास पेशंटनं वहीत लिहायचा आणि ती वही मी अक्षरन् अक्षर वाचायची, असा आमच्या चाचणीचा नियम आहे. त्रास म्हणजे आग, खाज, फोड, सूज. पण माणसाच्या हातात वही दिली की तो थांबतो कुठे? एका बसचालकानं लिहिलं होतं, 'मलम सुरू केल्यापासून मेहुणा घरीच आहे.' एका शिंप्यानं लिहिलं, 'हात बरे, पण कशात मन लागत नाही.' एका बाईनं नवऱ्याच्या घोरण्याची तारीखवार नोंद ठेवली होती आणि पुढे कमी-जास्त असे शेरेही मारले होते. हे सगळं मला निमूटपणे तक्त्यात चढवावं लागतं, कारण कुठला त्रास औषधाचा आणि कुठला संसाराचा हे ठरवणं माझं काम नाही. ते डॉक्टरांचं काम, आणि आमच्या डॉक्टरबाईंचं अजून लग्न व्हायचंय.

मी त्वचाविभागात नर्स आहे. गेली नऊ वर्षं नव्या औषधांच्या चाचण्यांचं काम बघते. पेशंटनं परत आणलेली प्रत्येक ट्यूब मी काट्यावर ठेवते, म्हणजे त्यानं खरोखर किती मलम लावला ते कळतं. तोंडानं सगळेच सकाळ-संध्याकाळ लावतात, काटा मात्र खोटं बोलत नाही. चार ग्रॅम कमी लावल्याबद्दल मी एका निवृत्त न्यायाधीशांनासुद्धा फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून माझं नाव ग्रॅमबाई पडलं. माझ्यासमोर सगळे मला सिस्टरच म्हणतात.

या वेळची चाचणी हातांच्या इसबावरची होती. साठ माणसं घ्यायची. तिसांना औषध घातलेला मलम, तिसांना बिनऔषधाचा. दिसायला सारखा, वासाला सारखा, ट्यूबही सारखीच. कुणाला कुठला मिळाला हे पेशंटला माहीत नसतं, डॉक्टरांना नसतं आणि मलाही नसतं. ती यादी लांब कुठल्या तरी कचेरीत मोहोरबंद पाकिटात असते. आठ आठवडे ताकास तूर लागू द्यायची नाही. दर दोन आठवड्यांनी पेशंटनं यायचं, हात दाखवायचे, जुनी ट्यूब द्यायची, नवी घ्यायची. मी लाली, भेगा, फोड आणि खाज बघून गुण देते. आमच्याकडे कमी गुण मिळवणारा हुशार. आणि चाचणीत असेपर्यंत हातांना दुसरं कुठलंही औषध लावायचं नाही, अगदी आमच्या कपाटातलंसुद्धा नाही.

नावं नोंदवायच्या शेवटच्या दिवशी माझ्याकडे अठ्ठावन्न माणसं होती. दुपारी दोन जावा आल्या आणि त्यांच्या मधोमध त्यांची सासू.

धाकटी जाऊ केस कापणारी. दिवसभर लोकांची डोकी धुवायची, रंगवायची, आणि त्यात तिच्या हातांची सालं निघाली होती. बोटं सुजून कात्री धरवत नव्हती. सहा वर्षं त्या दुकानात खाली पडलेले केस झाडून, टॉवेल धुऊन तिनं खिडकीजवळची खुर्ची मिळवली होती. आता मालकीण म्हणाली होती, दोन महिन्यांत हात बरे करून ये, नाहीतर खुर्ची दुसरीला देते. दोन महिने म्हणजे आमचे आठ आठवडे. हिशेब अगदी जुळत होता, आणि धाकटीचा सगळा जीव त्या हिशेबात अडकला होता.

थोरली लाँड्रीत कामाला. तिचे हात वीस वर्षं तसेच होते. भेगा इतक्या जुन्या, की तळहातावरच्या रेषा कुठल्या आणि भेगा कुठल्या हे शोधावं लागे. ती हात पर्सखाली ठेवून बसली होती. "मी काय, हिच्याबरोबर आले," म्हणाली.

आता नियम असा, की एका घरातलं एकच माणूस घ्यायचं. मी विचारलं, "एकत्र राहता?"

"एक खाली, एक वर," धाकटी म्हणाली.

"चूल वेगळी?"

"वर शेगडी आहे की."

शेगडी आहे म्हणाली. ती पेटते का, हे मी विचारलं नाही. नर्स म्हणून तीस वर्षं माणसं बघतेय, उत्तर मला माहीत होतं. पण अठ्ठावन्नात दोन मिळवले की साठ होत होते आणि गरजवंताला अक्कल नसते. मी दोघींची नावं लिहिली.

सासूबाईंनी मात्र सगळं नीट समजून घेतलं. मी चाचणी समजावून सांगितली, त्यावर त्या म्हणाल्या, "म्हणजे एकीला औषध आणि एकीची फसवणूक?"

"फसवणूक नाही, आजी. तुलना."

"तेच ते."

"आणि दोघींना औषध मिळेल, किंवा दोघींना नुसता मलम, असंही होऊ शकतं. आधी कुणालाच सांगता येत नाही."

मी तीनदा समजावलं. इतकं छान समजावलं, की स्वतःवरच खूश झाले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, ते मला पुढे सहा आठवड्यांनी आठवलं.

पहिल्या खेपेला दोघींच्या ट्यूबा परत आल्या. काट्यावर ठेवल्या. बावीस ग्रॅम आणि बावीस ग्रॅम. होतं असं कधीतरी. दुसऱ्या खेपेला एकोणीस आणि एकोणीस. एका घरात राहून दोन माणसं इतकी सारखी वागतात हे मी माझ्या संसारात तरी कधी पाहिलेलं नाही. आमच्याकडे टूथपेस्ट कुठून दाबायची यावर एकमत व्हायला अकरा वर्षं लागली. पण मी स्वतःला समजावलं, जावाजावांचं पटत असेल, कुणाचं पटू नये असा नियम नाही.

गुण मात्र अजिबात सारखे नव्हते. धाकटी सत्तावीसवरून चौदावर आली होती. थोरली पंचवीसची चोवीस. मी मनात म्हटलं, धाकटीला औषध लागलंय, थोरलीच्या वाट्याला नुसता मलम आलाय. असं म्हणायचं नसतं. पण मनाला कोण मोहोर लावणार?

तिसऱ्या खेपेला, म्हणजे सहाव्या आठवड्याला, वीस आणि वीस. मी काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवल्या. वीस आणि वीस. मग माझं पेन ठेवून बघितलं, पेनाचं वजन बरोबर आलं. मी तिघींना आत बोलावून दार लावून घेतलं.

"आजी, घरी या ट्यूबा कुठे असतात?"

दोन्ही सुनांनी सासूकडे बघितलं. सासूबाई ताठ बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाची रेघसुद्धा नव्हती.

"माझ्या कपाटात. दर आठवड्याला दोन्हीतून मोजून सारखे चमचे काढते. स्टीलच्या डब्यात घालते, छान ढवळते आणि दोघींच्या डब्या भरते. तुम्हीच म्हणालात ना, एकीला औषध असेल, एकीला नसेल? माझ्या घरात असला दुजाभाव चालत नाही. दोन्ही सुना मला सारख्या."

मी खुर्चीत बसले. नऊ वर्षांत मी काय काय पाहिलं होतं. कुणी ट्यूब बसमध्ये विसरलं, कुणाची कुत्र्यानं चावली, एकानं त्या मलमानं बूट चमकवले. पण न्यायबुद्धीनं चाचणीची वाट लावणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटत होतं.

"मी तुम्हाला तीन-तीनदा समजावलं होतं, आजी."

"म्हणून तर कळलं," सासूबाई म्हणाल्या.

यापुढे काय करायचं ते नियमात स्पष्ट होतं. झाला प्रकार लिहायचा, दोघींची नावं कापायची, मलम आजपासून बंद. मी ते सांगितलं आणि धाकटीचा चेहरा उतरला. तिचे आजचे गुण होते आठ. कात्री धरण्याइतकी बोटं वळत होती, फक्त अंगठ्याजवळ दोन भेगा राहिल्या होत्या. दुकानात जायला चौदा दिवस होते. शेवटच्या दोन आठवड्यांच्या नव्या ट्यूबा माझ्या टेबलावर, तिच्यापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या.

"दोनच आठवडे, सिस्टर," ती म्हणाली. "मालकिणीनं दुसरी मुलगी बघूनसुद्धा ठेवलीय."

"ओढा हो डोळ्यांवर कातडं," सासूबाई म्हणाल्या. "कुणाचं काय जातंय?"

कुणाचं जात होतं? चाचणीचं जात होतं, हे मला कळत होतं. पण लिहायला बसले असते तर पहिला प्रश्न माझ्याकडेच आला असता, की एका घरातल्या दोघी मुळात आल्याच कशा. गप्प राहिले असते तर धाकटीची खुर्ची वाचत होती, माझी अब्रू वाचत होती आणि साठाचे साठ राहत होते. मी पेनाला टोपण लावलं. हे मी लपवणार नाही.

फॉर्म तेवढा पुरा करावा म्हणून मी थोरलीचे हात पुढे ओढले. पंचवीस गुण. सुरुवातीला होते तितकेच. त्याच भेगा, त्याच जागी. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला, की हे जुळत नाही.

"मलम एकाच डब्यातला," मी म्हटलं. "निम्मा हिला, निम्मा तुम्हाला. मग हिचे आठ आणि तुमचे पंचवीस कसे?"

थोरली खिडकीबाहेर बघायला लागली. "माझे हात जुने आहेत."

"जुने हातसुद्धा सहा आठवड्यांत तसूभर तरी हलतात." मी धाकटीकडे वळले. "तुमची डबी आठवडाभर पुरते?"

धाकटी कानापर्यंत लाल झाली. "पुरून उरते."

"दिवसातून दोनदा लावून?"

"भरपूर लावून." मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "मला वाटलं, आई मलाच जरा जास्त घालतात. माझं खुर्चीचं टेन्शन आहे म्हणून. ताईला वाईट वाटेल, म्हणून मी बोलले नाही."

"मी?" सासूबाई म्हणाल्या. "जास्त?" चोर म्हटलं असतं तरी त्यांना इतकं लागलं नसतं. "अगं, चमचा सुरीनं सपाट करून घालते मी. वरचं बोटभरही इकडचं तिकडे होऊ देत नाही."

आम्ही तिघी थोरलीकडे बघत बसलो आणि ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली.

"सकाळी ही अंघोळीला गेली की माझ्यातलं हिच्या डबीत घालायचे," शेवटी ती म्हणाली. "हिची खुर्ची जाईल. माझं काय जातंय? लाँड्रीत हात कोण बघतं?"

मला तिचा राग आला. असला थोरपणा सांगितला होता कुणी, असं तोंडावर आलं होतं. पण राग माझा मलाच आला होता, हे कळायला मला जरा वेळ लागला. चार वेळा मी या बाईचे हात हातात घेतले होते. लाली किती, भेगा किती, खाज किती, सगळं विचारलं होतं. दुखतात का, हे एकदाही विचारलं नव्हतं, कारण फॉर्ममध्ये तो रकानाच नाही.

"सिस्टर," धाकटीनं विचारलं, "चाचणीतून बाहेर पडलं तर ताईला दुसरं काही लावता येईल?"

"येईल. कपाटात आमचा नेहमीचा मलम आहे, जुना, खात्रीचा. आज लगेच देता येईल. पण मग तुमचंही हे बंद. तुम्हालाही तोच लावावा लागेल. मध्येच बदलल्यावर तुमचे हात पुन्हा चिडतील की बरे राहतील, ते मी सांगू शकत नाही."

धाकटीनं आपल्या बोटांकडे बघितलं. कात्री चालवावी तशी अंगठा आणि बोट दोन-तीनदा उघडमीट केली. समोरच्या नव्या ट्यूबांकडेही तिनं बघितलं, अगदी नीट बघितलं.

"लिहा," ती म्हणाली.

"वेडी आहेस का?" थोरली पहिल्यांदा आवाज चढवून बोलली. "सहा वर्षं झाडू मारलास त्या खुर्चीसाठी."

"लिहा, सिस्टर. नाहीतर ताईचे हात तुमच्या कागदावर 'गुण आला नाही' म्हणून लागतील आणि घरी तसेच येतील. मग मी त्या खुर्चीपाशी उभी राहून लोकांचे केस काय कापू?"

असं म्हणून तिनं माझं पेन उचललं, टोपण काढलं आणि माझ्या हातात दिलं. एवढ्याशा पोरीनं मला माझं काम दाखवलं, आणि मी ते मुकाट्यानं केलं. डबा लिहिला, चमचे लिहिले, वरच्या मजल्यावरची शेगडीही लिहिली.

डॉक्टरबाईंनी कागद शांतपणे वाचला. "शेगडी पेटते का, हे तुम्ही विचारलं नाहीत?"

"नाही."

"का?"

"पेटत नाही हे माहीत होतं म्हणून."

मग त्यांनी दोन्ही नावं कापली आणि साठाचे अठ्ठावन्न केले. पुढे मला लेखी समज मिळाली, नऊ वर्षांतली पहिली. मी ती माझ्या हातानं फाइलला लावली, कागद सरळ करून. त्या दिवशी मात्र डॉक्टरांनी दोघींना नेहमीचा मलम लिहून दिला, कसा लावायचा ते सांगितलं.

"आता दोघींना एकच ना?" सासूबाईंनी विचारलं.

"एकच, आजी."

"मग हे पहिल्याच दिवशी का नाही केलंत?"

सासूबाईंनी उत्तराची वाटही बघितली नाही. त्या उठल्या आणि दारातच निकाल देऊन मोकळ्या झाल्या, की यापुढे दोघींनी मलम त्यांच्यासमोर बसून लावायचा आणि पूर्ण जिरेपर्यंत जागेवरून हलायचं नाही.

पाच आठवड्यांनी त्या पुन्हा आल्या. आता त्या साध्या पेशंट होत्या, त्यामुळे रांगेत दीड तास बसून आल्या. काट्याचं काही काम नव्हतं. मी धाकटीला आधी दुकानाचं विचारलं.

पहिल्याच आठवड्यात तिचे हात चिडले होते. ठरलेल्या दिवशी ती तसेच लालसर हात घेऊन दुकानात गेली. मालकिणीनं ते उलटेसुलटे करून बघितले आणि खिडकीजवळची खुर्ची दुसऱ्या मुलीला दिली. हिला दाराजवळची मिळाली, सगळ्यांत शेवटची. केस फक्त कापायचे, धुवायचे नाहीत, रंगवायचे नाहीत.

"खिडकी गेली," ती म्हणाली. "दारातून गार वारा येतो आणि गिऱ्हाईकं कुरकुर करतात. पण जुन्या चार बायका शोधत आल्या माझ्याकडे." आणि मग तिनं मला तिचे हात दाखवले. बरे होते. ते चौदा दिवस आधी बरे झाले असते तर बरं झालं असतं, हे ती म्हणाली नाही आणि मीही म्हटलं नाही.

थोरलीनं मी न सांगताच हात टेबलावर ठेवले. पर्स खाली जमिनीवर होती. मला गुण द्यायचे नव्हते, तरी सवयीनं मोजले. नऊ. तळहातावर नव्या कातडीची पातळ, गुलाबी झाक होती, आणि रेषा आता शोधाव्या लागत नव्हत्या.

"दुखतात का?" मी विचारलं.

"नाही." मग ती थांबली. तिला काहीतरी सांगायचं होतं आणि ते वहीत लिहायची सोय आता उरली नव्हती. "माझी मुलगी आहे, पंधरा वर्षांची. लहानपणापासून मी तिच्या अंगावरून हात फिरवला की ती मान आखडून घेते. टोचतं म्हणते. मग मी फिरवणंच सोडून दिलं होतं. परवा संध्याकाळी ती टेबलाशी अभ्यास करत बसली होती. जाता जाता मी सहज तिच्या मानेवर हात ठेवला. तिनं मान आखडली नाही. पुस्तकातून डोकं वर न काढताच म्हणाली, 'काय गं काकू?'"

धाकटीनं झटकन तोंड फिरवलं.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"काही नाही," थोरली म्हणाली. "बोलले असते तर तिला कळलं असतं. मी तसाच हात ठेवून उभी राहिले."